प्रतिष्ठान ते पैठण : एका नावातल्या प्रत्येक अक्षराचा हिशोब

'पैठण हे नाव प्रतिष्ठान या संस्कृत शब्दावरून आले' हे वाक्य पर्यटनाच्या कोणत्याही माहितीपत्रकात सापडते. ते बरोबरच आहे. पण 'प्रति'चा 'पै' कसा झाला, 'ष्ठ'मधला 'ष' कुठे गेला, संस्कृतातला 'न' मराठीत 'ण' का झाला आणि 'ठा'चा काना कोणी काढला, हे तिथे कोणी सांगत नाही. एवढे सांगता आले नाही तर ती व्युत्पत्ती ठरत नाही, दोन शब्द कानाला सारखे लागले इतकेच ठरते. व्युत्पत्तीची अट कडक असते. प्रत्येक अक्षराचा हिशोब लागला पाहिजे, आणि जो नियम इथे लावला तो मराठीतल्या इतर शब्दांनाही लागू पडला पाहिजे.

पैठणचा हिशोब लागतो. शिवाय मधल्या टप्प्यांचे पुरावे दगडावर, पाली ग्रंथात आणि ग्रीक लिखाणात शिल्लक आहेत. असे भाग्य महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांच्या नावांना लाभले आहे.

संस्कृतात शब्द कसा घडतो

मूळ धातू 'स्था', म्हणजे उभे राहणे, थांबणे. पाणिनीय धातुपाठात तो 'ष्ठा गतिनिवृत्तौ' असा दिला आहे. गती थांबणे हा त्याचा अर्थ. धातुपाठात सुरुवातीला असलेल्या 'ष'चा प्रत्यक्ष वापरात 'स' होतो (पाणिनीच्या अष्टाध्यायीतले सूत्र ६.१.६४; पुढचे कंसातले आकडेही तिथलेच), आणि मग 'ष' गेल्यावर 'ठ'लाही आधार उरत नाही. म्हणून आपण 'स्था' म्हणतो.

त्याच्या आधी 'प्रति' हा उपसर्ग लागतो. 'प्रति + स्था' म्हणजे नुसते उभे राहणे नव्हे, तर पाय रोवून, पक्के उभे राहणे. पुढे 'ल्युट्' प्रत्यय येतो. यातले 'ल्' आणि 'ट्' ही व्याकरणाच्या सोयीची खुणेची अक्षरे आहेत, ती गळून जातात. उरलेल्या 'यु'च्या जागी 'अन' येते (७.१.१). स्था + अन = स्थान.

आता दोन अक्षरे बदलतात. 'प्रति'च्या शेवटी 'इ' आहे. अशा उपसर्गापुढे ठरावीक धातूंच्या 'स'चा 'ष' होतो, आणि त्या धातूंच्या यादीत 'स्था' आहे (८.३.६५). म्हणून प्रति + स्थान = प्रतिष्थान. मग मूर्धन्य, म्हणजे जीभ टाळूकडे वळवून उच्चारलेल्या 'ष'च्या शेजारी दंत्य, म्हणजे दातांना जीभ लावून उच्चारलेला 'थ' टिकत नाही, त्याचा 'ठ' होतो (८.४.४१). प्रतिष्ठान तयार झाले. 'संस्थान'मध्ये हे घडत नाही, कारण 'सम्'च्या शेवटी 'इ' नाही. 'अधिष्ठान', 'अनुष्ठान'मध्ये मात्र घडते. 'अनु'तला 'उ'सुद्धा तेच काम करतो.

इथे एक बारीक प्रश्न उरतो. संस्कृतात 'र' किंवा 'ष' आला की पुढच्या 'न'चा 'ण' होतो (८.४.१). 'पोषण', 'भूषण', 'ग्रहण' ही उदाहरणे. मग 'प्रतिष्ठाण' का नाही? कारण हा नियम मध्ये फक्त स्वर, य-व-र-ह, कवर्ग, पवर्ग असे काहीच वर्ण चालवून घेतो (८.४.२). टवर्ग आला की नियम अडतो. 'ष' आणि 'न' यांच्यामध्ये 'ठ' उभा आहे. 'प्र'मधल्या 'र'ची वाट तर आधीच 'त'ने अडवली आहे. तेव्हा संस्कृतात 'न'च राहतो. हे लक्षात ठेवा, कारण पैठणमधला 'ण' संस्कृताच्या या नियमातून आलेला नाही. तो दुसऱ्याच वाटेने आला.

अर्थाबद्दल थोडेसे. 'ल्युट्' प्रत्यय क्रियेचा अर्थ देतो (३.३.११५), तसाच क्रियेचे साधन किंवा जागा असाही अर्थ देतो (३.३.११७). गावाच्या नावात जागेचा अर्थ घ्यायचा: जिथे पक्के उभे राहता येते ती जागा, अधिष्ठान, बैठक. शब्द नपुंसकलिंगी. आज आपण न्यासाला किंवा संस्थेला 'प्रतिष्ठान' म्हणतो तो हाच शब्द, फक्त तो संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला. एकच शब्द मराठीत दोनदा आला आहे, एकदा तोंडातोंडी झिजत गावाच्या नावात आणि एकदा थेट पोथीतून.

झिजण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी सगळ्यात सोपी. शब्दाच्या सुरुवातीच्या जोडाक्षरातला 'र' प्राकृतात, म्हणजे जुन्या बोलभाषांत, जातो. ग्रामचे गाव, भ्राताचा भाऊ, तसा 'प्र'चा 'प'.

दुसरी पायरी 'ष्ठ'ची. श, ष, स या ऊष्म वर्णांपैकी एक आणि पुढे स्पर्शवर्ण (क, ट, प यांसारखा) असे जोडाक्षर असेल, तर प्राकृतात ऊष्म वर्ण जातो, पण जाताना आपला श्वास मागे ठेवतो. स्पर्शवर्ण महाप्राण होतो ('ट'चा 'ठ') आणि त्याचे द्वित्व होते, म्हणजे तो दुहेरी होतो. अष्टचे अट्ठ, मुष्टीचे मुट्ठि, काष्ठचे कट्ठ, ओष्ठचे ओट्ठ. मराठीत येताना हे द्वित्व सुटते आणि आधीचा स्वर ऱ्हस्व असेल तर दीर्घ होतो: आठ, मूठ, काठी. ओठमधला 'ओ' आधीच दीर्घ असल्याने तिथे लांबवायला काही नाही. पैठणमध्येही तसेच झाले, ते पुढे येईल.

तिसरी पायरी 'न'ची. वररुचीच्या प्राकृत व्याकरणात 'नो णः सर्वत्र' असे सूत्र आहे: 'न'चा सगळीकडे 'ण'. मराठीने हा वारसा फार नेटका सांभाळला आहे. दोन स्वरांमधला एकेरी 'न' मराठीत 'ण' होतो: जनचे जण, पानीयचे पाणी, स्थानचे ठाण. उलट प्राकृतात ज्याचे द्वित्व होते, त्या 'ण्ण'चा मराठीत 'न' होतो: पर्ण, पण्ण, पान, कर्ण, कण्ण, कान. ऐकायला उलटे वाटते, पण नियम पक्का आहे. पैठणच्या शेवटचा 'ण' सांगतो की मुळात तिथे एकेरी 'न' होता. प्रतिष्ठानमध्ये तो तसाच आहे.

चौथी पायरी खरी मजेची. महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत, दोन स्वरांमधला 'त' गळतो. शतचे सअ, म्हणून आपले 'शे'. मातेचे माआ, म्हणून 'माय'. पण 'प्रति' या उपसर्गाची चाल बहुतेक ठिकाणी वेगळी आहे. त्यातला 'र' जाताना 'त'ला मूर्धन्य करून जातो आणि 'प्रति'चे 'पडि' होते. प्रतिपदेचा पाडवा, प्रतिशब्दाचा पडसाद, प्रतिच्छायेची पडछाया, प्रतिजिह्वेची पडजीभ. हा नियम इथेही लागला असता तर गावाचे नाव 'पडठण' झाले असते आणि लग्नात पडठण्या नेसल्या गेल्या असत्या.

तसे झाले नाही, आणि याची नोंद १२व्या शतकात हेमचंद्राने करून ठेवली आहे. आपल्या प्राकृत व्याकरणात 'प्रति'च्या 'त'चा 'ड' होतो असे सांगून तो लगेच पुस्ती जोडतो की हे 'प्रायः' होते, आणि अपवाद देतो. त्या अपवादांत 'प्रतिष्ठा – पइट्ठा', 'प्रतिज्ञा – पइण्णा' आणि चक्क 'प्रतिष्ठानम् – पइट्ठाणं' आहे. म्हणजे आपल्याला हवे असलेले मधले रूप एका वैयाकरणाने नमुना म्हणून लिहूनच ठेवले आहे. इथे 'त' साधेपणाने गळला, 'ड' झाला नाही.

पाचवी पायरी मराठीतली. 'पइट्ठाण'मधले 'अ' आणि 'इ' शेजारी आले आणि एकत्र होऊन 'ऐ' झाला. 'उपविष्ट'पासून आलेल्या 'बइट्ठ'चे 'बैठ' झाले (आपल्या 'बैठक'मध्ये ते आहे), तोच हा प्रकार. 'ट्ठ'चे द्वित्व सुटले. 'ऐ' दीर्घच असल्याने स्वर लांबवायची गरज पडली नाही.

शेवटची पायरी 'ठा'ची. मराठी शब्दात पहिल्या अक्षरावर भार पडला की पुढचा 'आ' बऱ्याचदा आखडतो, विशेषतः शब्द व्यंजनावर संपत असेल तर. बोलताना 'पैठण'चा शेवटचा 'अ' उच्चारला जात नाही, म्हणजे उच्चारात दोनच अक्षरे उरतात: पै-ठण्. गोस्थानचे गोठण झाले ते असेच. स्मशानचे मसाण आणि मसण अशी दोन्ही रूपे मराठीत आहेत, आणि शिवी देताना लोक आखडलेलेच वापरतात.

आता ठाणे बघा. तेही 'स्थान'च, पण तिथला काना शाबूत आहे आणि शेवटी 'ए' आहे. दोन्हींची कारणे सापडतात. 'ठा' तिथे पहिलेच अक्षर आहे, म्हणून ते आखडले नाही. आणि कोकणच्या शिलाहार राजांच्या लेखांत त्या गावाचे नाव 'श्रीस्थानक' आहे. शेवटी 'क' होता. तो 'क' गळून दोन स्वर शेजारी आले की नपुंसकलिंगी शब्दात मराठीला 'एं' मिळते: स्थानक, ठाणअं, ठाणें. प्रतिष्ठानला 'क' नव्हता, म्हणून पैठणला 'ए' नाही. 'क' आहे की नाही एवढ्यावरून आजच्या नावाचा शेवट ठरला.

साक्षीदार

नियम कागदावर जुळले तरी मधली रूपे कोणी पाहिली आहेत का, हे विचारावे लागते. पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांत इ.स.पूर्व काळातले खांबदानाचे लेख आहेत. त्यांत दाते आपण 'पतिठान'चे असल्याचे सांगतात. एक दाता गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, मितदेव याच्या कुळाचा आहे. इथे 'र' गेलेला, 'ष' गेलेला, पण 'त' अजून आहे. एकच 'ठ' दिसतो म्हणून गोंधळू नका. त्या काळच्या ब्राह्मी लेखांत द्वित्व लिहिण्याची पद्धत नव्हती, वाचताना 'ट्ठ'च वाचायचे.

सुत्तनिपात या पाली बौद्ध ग्रंथात बावरी ब्राह्मणाचे शिष्य गोदावरीकाठाहून बुद्धाला भेटायला निघतात, तेव्हा वाटेतले पहिले नाव 'पतिट्ठान' येते आणि पुढे माहिस्सती, उज्जेनी. काही पोथ्यांत ते अळकाचे तर काहींत मुळकाचे पतिट्ठान म्हटले आहे. मुळक हा प्रदेश नाशिकच्या लेण्यातल्या सातवाहन राणी गौतमी बलश्रीच्या लेखातही तिचा मुलगा गौतमीपुत्र याच्या देशांच्या यादीत आहे, तेव्हा मुळक पाठ अधिक पटतो. पालीने 'न'चा 'ण' केला नाही, कारण ती सवय पालीची नव्हे, महाराष्ट्रीची.

ग्रीक साक्ष सगळ्यात मोलाची आहे, कारण परका माणूस शुद्धलेखन पाहत नाही, कानाला येते ते लिहितो. इ.स.च्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या समुद्री व्यापाराच्या ग्रीक मार्गदर्शिकेत भडोचच्या दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवर 'पैथाना' आणि त्याच्या पूर्वेस १० दिवसांवर 'तगर', म्हणजे तेर, असे दिले आहे. पैथानाहून गाड्यांत भरून अकीकासारखा दगड भडोचला जाई. यात 'त' नाही, 'ऐ' आहे, आणि ग्रीकात मूर्धन्य वर्ण नसल्याने 'ठ'साठी त्यांचा महाप्राण 'थ' वापरला आहे. म्हणजे बाजारात 'त' तेव्हाच गळला होता.

पण इथे एक सापळा आहे. पेरिप्लसच्या हस्तलिखितात प्रत्यक्षात 'प्लिथाना' असे वाचायला मिळते, आणि जुन्या इंग्रजी लिखाणात हे रूप तसेच उतरले आहे. ग्रीक मोठ्या लिपीत 'आल्फा' (Α) आणि 'लाम्डा' (Λ) यांत फक्त मधल्या आडव्या रेघेचा फरक असतो. नकलाकाराची ती रेघ सुटली की 'पै'चे 'प्लि' होते. दुरुस्तीला आधार ग्रीक भूगोलकार टॉलेमीचा. दुसऱ्या शतकात तो 'बैथाना' लिहितो, ते सिरो-प्टोलेमायोसचे राजधानीचे शहर असल्याचे सांगतो. 'प'चा 'ब' ही ऐकण्यातली गफलत म्हणता येईल. आणि तो राजा म्हणजे सातवाहन घराण्यातला सिरी पुळुमावी, ज्याच्या नावात टॉलेमीला स्वतःचेच नाव ऐकू आले!

जवळचे वाटणारे, पण न जुळणारे

हे नियम हाताशी असले की इतर दावे तपासता येतात. 'पैठण म्हणजे पट्टण' हा दावा नेहमी ऐकू येतो, कारण दोन्हींचा अर्थ नगराशी जुळतो. पण 'पट्टण'चे मराठीत काय होते ते आपल्याला ठाऊक आहे: अट्ठचे आठ, तसे पट्टणचे पाटण. सातारा जिल्ह्यातले पाटण आणि गुजरातेतले पाटण हे त्याचे वारस. त्यात ना 'ऐ' येतो, ना 'ठ'.

दुसरा दावा अधिक चतुर आहे. 'प्रविष्ट'चेही प्राकृतात 'पइट्ठ' होते, मग पैठण म्हणजे प्रवेशाचे गाव का नाही? आजच्या रूपापुरते पाहिले तर 'पै' आणि 'ठ' दोन्ही जुळतात. इथे ध्वनिनियम एकटे पुरत नाहीत. पितळखोऱ्याच्या लेखातला 'त' आडवा येतो. 'प्रविष्ट'मध्ये 'त' आणायचा कुठून? जुने लिखित रूप नसते तर हा दावा खोडणे जड गेले असते.

तिसरा अशोकाच्या शिलालेखांतला. पाचव्या आणि तेराव्या लेखांत 'पेतेनिक', 'पितिनिक' अशी रूपे येतात. रा. गो. भांडारकरांनी ते पैठणचे लोक मानले आणि अनेक पुस्तकांनी ते पुढे चालवले. त्यांचे चिरंजीव दे. रा. भांडारकर यांनी मात्र पाली 'पेत्तनिक', म्हणजे वडिलोपार्जित अधिकार असलेले, याच्याशी त्याचा संबंध जोडला. अक्षरांच्या हिशोबात मुलाचे म्हणणे वडिलांपेक्षा भक्कम ठरते. 'प्रतिष्ठान'च्या कोणत्याही प्राकृत रूपात 'ठ' किंवा त्याची खूण राहायला हवी. 'पेतेनिक'मध्ये ती नाही, आणि पहिल्या अक्षरात 'ए' का आला हेही सांगता येत नाही.

आणखी एक गफलत अक्षरांची नाही, भूगोलाची आहे. प्रतिष्ठान नावाची दोन शहरे होती. दुसरे प्रयागच्या समोर, गंगेच्या पलीकडे, आजची झूसी. पुराणांतल्या चंद्रवंशी पुरूरव्याची राजधानी ती. संस्कृत ग्रंथात 'प्रतिष्ठान' दिसले की आधी नदी बघावी. गोदावरी, सातवाहन किंवा मुळक जवळपास असतील तर आपले पैठण. संगम, पुरूरवा, ऐल असे शब्द असतील तर झूसी. पुरूरव्याला पैठणला आणून बसवणारे लेख नियमित लिहिले जातात.

आजचे व्याकरण

संस्कृतातले नपुंसकलिंग टिकले आहे: 'जुने पैठण', 'पैठण वसले'. मराठीत बहुतेक गावे नपुंसकलिंगीच मानली जातात, त्यामुळे ते टिकायला अडचणही आली नाही.

विभक्तीत मात्र गावाचे नाव साध्या नामासारखे वागत नाही. 'घर' या शब्दाचे 'घराला, घराचा' होते, पण 'पैठणाला, पैठणाचा' असे सहसा कोणी म्हणत नाही. 'पैठणला, पैठणचा, पैठणहून' असेच म्हणतात. 'त' प्रत्यय आला की सामान्यरूपाचा 'आ' परत येतो: पैठणात. नागपूरला पण नागपुरात, नाशिकला पण नाशकात, हाच नमुना. एकारान्त गावांना ही सूट नाही. 'ठाणेला' चालत नाही, 'ठाण्याला'च हवे.

'पैठणी' हे मुळात विशेषण. गावाच्या नावाला 'ई' लावून केलेले असे विशेषण लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही: पैठणी शेला, पैठणी चोळी, पैठणी वस्त्र. साडी गृहीत धरून ते नाम झाले, आणि नाम होताच ईकारान्त स्त्रीलिंगी नामासारखे चालू लागले: एक पैठणी, दोन पैठण्या, पैठणीचा पदर, पैठण्यांचे काठ. गावाशी नाते सुटल्यामुळेच 'येवल्याची पैठणी' हा प्रयोग आज कोणाला खटकत नाही.

जुन्या मराठीत आणखी एक 'पैठणीं' होते. महानुभाव गद्यात ही सप्तमी आहे, 'घरीं'सारखी, अर्थ 'पैठणात'. त्यावर अनुस्वार असे, म्हणून साडीपासून ती लिहिण्यात वेगळी पडे. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, तेव्हापासून दोन्ही 'पैठणी' सारख्याच लिहिल्या जातात. जुना मजकूर नव्या लेखनात छापलेला वाचत असाल तर क्रियापद पाहून ठरवावे: पैठणी राहिले, की पैठणी नेसली.